एअरशिपचा उरलेला सेमिनार

एप्रिल लागला की आमच्या शहरात कडुनिंबाला मोहोर येतो आणि झेरॉक्सच्या दुकानांपुढं पोरांची गर्दी होते. मोहोराचा कडसर गोड वास आणि यंत्रातून नुकत्याच निघालेल्या गरम कागदाचा वास दुपारच्या उन्हात एकमेकांत मिसळतात. माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, त्यांच्यात नवं गवत भरलं जातं, आणि पहिल्या दिवशी घरभर ओल्या गवताचा गारवा पसरतो. पैठण रस्त्यानं चितेगावला कामावर जाताना थांब्याथांब्यावर पोरी दिसतात. हातात बाइंडिंग केलेले रिपोर्ट, ओठ हलताहेत, डोळे भलतीकडंच. माझ्या वयाच्या बायका हे बघून हळव्या होतात. 'आपले दिवस आठवले गं,' म्हणतात. मलाही आठवतात. पण मी हळवी होत नाही. परीक्षेच्या मोसमात मला सूड आठवतो.

शब्द जड वाटेल. मी दुसरा, जरा हलका शब्द शोधून पाहिला. सापडला नाही.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी, अशाच उन्हाळ्यात, एका माणसानं माझं बोलणं अर्ध्यात तोडलं होतं. ते मी गेल्या वर्षी, अशाच उन्हाळ्यात, त्याच्यासमोर पूर्ण केलं. मधल्या काळात मी नोकरी केली, लग्न केलं, मुलगी वाढवली, घर बांधलं. माणसं म्हणतात तशी मार्गाला लागले. पण ते अर्धं वाक्य चपलेत गेलेल्या खड्यासारखं होतं. चालता येतं, लांबही जाता येतं, फक्त प्रत्येक पावलाला तो आहे हे कळत राहतं.

त्या वाक्याचा विषय सांगितला तर लोक हसतात. विषय होता लष्करी एअरशिप आणि जड बॉम्बर विमान यांच्या रचनेची तुलना. औरंगाबादच्या, म्हणजे तेव्हा शहराचं हेच नाव होतं, हर्सूलकडच्या एका मास्तराच्या पोरीला हे कुठून सुचलं असं तेव्हाही सगळे विचारायचे. सुचलं गुलमंडीत. दिवाळीच्या खरेदीला दादा, म्हणजे माझे वडील, आम्हाला तिकडं न्यायचे. एका कापडाच्या दुकानावर जाहिरातीचा भला मोठा फुगा दोराला बांधून सोडलेला असायचा. खाली फराळाचं सामान, आकाशकंदील, रिक्षांचे भोंगे, आणि वर तो आपल्याच तंद्रीत डुलतोय.

"दादा, त्याला इंजिन कुठंय?" मी विचारलं होतं.

"नाय त्याला इंजिन."

"मग पडत कसा नाय?"

"त्याच्या पोटात जे हाय ते हवेपरीस हलकं हाय. म्हणून हवाच त्याला वर ढकलती. त्यानं काय बी करायची गरज नाय. नुसतं असायचं."

नुसतं असायचं. मला ते फार आवडलं होतं. मी जाड होते. आहे. शाळेत बाकावर सरकताना, रिक्षात बसताना, नातेवाइकांच्या लग्नात ताट घेऊन उभं राहताना मला नुसतं असणं कधी जमलंच नाही. कायम काहीतरी आवरून धरावं लागायचं. आणि हा फुगा बघा, गुलमंडीतल्या सगळ्यात मोठ्या वस्तूंपैकी एक, आणि सगळ्यात हलका.

म्हणून शेवटच्या वर्षी सेमिनारचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी लायब्ररीतल्या विमानांच्या कपाटापाशी गेले. पोरं टर्बाइन, गिअरबॉक्स, रोबो असलं घेत होती. मी एअरशिप घेतली. हलक्या वायूनं भरलेलं, आत धातूच्या कड्यांचा सांगाडा असलेलं, बाजूला इंजिनं टांगलेलं ते अजस्र जहाज. पहिल्या महायुद्धात सैन्यांनी ती शहरांवर बॉम्ब टाकायला वापरली. मग पंखांची, अनेक इंजिनांची जड बॉम्बर विमानं आली आणि एअरशिप मागं पडली. पुस्तकं इथं एका ओळीत निकाल लावतात: एअरशिप फसली, बॉम्बर जिंकलं. मला ती ओळ पुरत नव्हती. कशात फसली? काय विचारलं होतं तिला, आणि तिनं काय उत्तर दिलं?

त्या उन्हाळ्यात मी दुपारभर लायब्ररीत बसायचे. वर पंखा कुरकुरायचा, खिडकीतून मोहोराची पिवळी भुकटी येऊन पानांवर पडायची. एअरशिपच्या आतल्या वायूच्या पिशव्या सुरुवातीला गुरांच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्यानं मढवलेल्या असायच्या, कारण हायड्रोजन त्यातून सहजी गळत नसे. एका जहाजासाठी कळपच्या कळप लागत. हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते. आभाळात जाणाऱ्या त्या देखण्या रुपेरी वस्तूच्या आत इतकी जनावरं. पुन्हा उघडलं, पुढं वाचलं. मी सुखात होते. त्या सुखाची मला आजही आठवण आहे, आणि पुढं जे झालं त्याचा राग त्या सुखामुळंच जास्त आहे.

सेमिनार लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून लावले जायचे, कारण प्रोजेक्टरला वीज लागायची. मी पारदर्शक शीटांवर रंगीत पेनांनी आकृत्या काढल्या होत्या. पहिल्या रांगेत मधोमध राजूरकर सर बसले होते, पायावर पाय टाकून. राजूरकर सर म्हणजे कॉलेजचं भूषण. फ्लुइड मेकॅनिक्स शिकवायचे, आणि उत्तम शिकवायचे. हे मी कधी नाकारलं नाही. त्यांच्या तासाला मी पुढच्या बाकावर बसायचे. त्यांना आवडेल म्हणूनच तर मी इतका जीव ओतला होता.

पहिली काही मिनिटं चांगली गेली. मग मी माझ्या सगळ्यात लाडक्या शीटवर आले.

"लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली," मी सांगत होते, "तर एअरशिपला कापड चौपट लागतं, पण आत मावणारा वायू आठपट होतो. म्हणजे ती जितकी मोठी, तितकी स्वतःच्या वजनाच्या मानानं जास्त उचलते. विमानाचं उलट आहे. ते दुप्पट केलं तर पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन जातं आठपटीकडं. म्हणून आकार हा एअरशिपचा मित्र आहे आणि बॉम्बरचा शत्रू."

सरांनी पेन वर केलं. "एक मिनिट. आकार मित्र आहे?"

"हो सर."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश, एखादं मशीन बघावं तसं. मग खुर्चीत मागं वळून वर्गाकडं बघत म्हणाले, "पटलं बुवा. पुरावा समोरच उभा आहे."

वर्ग हसला. हसू एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं, दाराबाहेर आपल्या नंबराची वाट बघत उभ्या असलेल्यांपर्यंत गेलं, आणि काय झालं ते न कळताच तेही हसले. मी हसू संपायची वाट बघत उभी राहिले. प्रोजेक्टरच्या उजेडात माझी सावली पडद्यावर पडली होती, आकृतीच्या बरोबर मधोमध.

"पुढं काय राहिलंय?" सरांनी विचारलं.

"तुलना, सर. आणि निष्कर्ष."

"निष्कर्ष सगळ्यांना दिसला. एअरशिप, लँड करा आता. नेक्स्ट."

माझं नाव सुजाता. त्या दिवसापासून कॉलेज संपेपर्यंत ते कुणी घेतलं नाही. कँटीनमध्ये शिरले की कोपऱ्यातून भर्रर्र असा इंजिनाचा आवाज यायचा. जिन्यावर 'ए, हँगर उघडा रे' असं कुणीतरी ओरडायचं. निरोप समारंभातल्या फिशपॉन्डमध्ये, म्हणजे एकमेकांवर निनावी ओळी लिहून त्या मोठ्यानं वाचायच्या त्या खेळात, जवळजवळ प्रत्येक मुलीला एक ओळ आली. मला किती आल्या ते मोजायचं मी सोडून दिलं. सर व्यासपीठावर होते. पोटभर हसत होते.

तरीही मी टिकले असते. टिकायची सवय होती. पण शेवटच्या पेपरच्या दिवशी मी परीक्षेच्या खोलीत शिरले तर फळ्यावर खडूनं मोठा फुगा काढलेला. त्याला वेणी, त्याला ओढणी, मागं छोटासा पंखा. बाकांवर पोरं खाली मान घालून खिदळत होती. तेवढ्यात पर्यवेक्षक आले. राजूरकर सरच होते. त्यांनी फळा बघितला, मग मला बघितलं. मला वाटलं, आता डस्टर उचलतील. एवढ्या मोठ्या परीक्षेत कुणीही उचललं असतं.

"चित्र बरं आहे," ते म्हणाले. "प्रमाण चुकलंय तेवढं."

आणि तो फुगा तसाच ठेवून त्यांनी प्रश्नपत्रिका वाटायला घेतल्या.

पेपर मला येत होता. पहिला प्रश्न तर पाठ होता. पण मान वर केली की फळा, मान खाली घातली की मागून येणारं दबकं हसू. उत्तरपत्रिकेवर फक्त माझा नंबर होता. मी ती टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले. सरांनी "का हो?" असंसुद्धा विचारलं नाही. माझं वर्ष गेलं. ज्या कंपनीनं मला निवडलं होतं तिनं कळवलं की निकाल पूर्ण असलेलेच उमेदवार घेता येतील.

त्या दुपारी मी कॉलेजपासून हर्सूलपर्यंत चालत आले. तलाव आटला होता, तळाच्या चिखलाला भेगा पडलेल्या, मधल्या उरल्यासुरल्या पाण्यात म्हशी बसलेल्या. आई गच्चीवर कुरडया घालत होती. डोक्यावर पदर, हातात सोऱ्या. मला भरदुपारी बघून तिनं सोऱ्या खाली ठेवला.

"पेपर सोडून आलीस?"

"व्हय."

मी सगळं सांगितलं. सेमिनारचं, नावाचं, फळ्याचं. तोवर घरी काहीच सांगितलं नव्हतं. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "नाव काय त्याचं?"

मी नाव सांगितलं. तिनं ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं, भाजीवाल्याचा भाव लक्षात ठेवावा तसं. संध्याकाळी दादा शाळेतून आले. ते मुळात मऊ माणूस. डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "जाऊ दे सुजा. मोठा मानूस हाय, बोलला आसंल चेष्टंत. माफ कर आन पुढच्या खेपंला पेपर दे."

"पेपर दील की," आई आतून म्हणाली. "पर माफ करायचं काम देवाचं आस्तंय. आन आपल्या घरात देव नाय."

भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती. दादांनी तिकडं बघितलं.

मी पेपर दिला. पास झाले. चितेगावच्या एका कारखान्यात लागले. तिथं कापडावर रबर चढवतात, त्याचे तंबू, पाण्याच्या टाक्या, फुगवायच्या बोटी असलं काय काय बनतं. आधी शिवणींची तपासणी करायचे, आज डिझाइन माझ्याकडं आहे. कुठल्या शिवणीतून हवा कशी निसटते, ताण कुठं साठतो, हे माझ्या बोटांना कळतं. आणि जसजसं ते कळत गेलं तसतसा माझ्या त्या उरलेल्या सेमिनारचा दुसरा भाग वाढत गेला. कुणी मागितला नव्हता. मीच वाढवत होते. भाजी निवडताना, मुलीला झोपवताना, पैठण रस्त्यावर ट्रकच्या मागं अडकलेले असताना. मला नवं काही कळलं की वाटायचं, हे त्या दिवशी सांगायला हवं होतं. बॉम्ब टाकले की एअरशिप हलकी होऊन झपकन वर जाते, मग खाली यायला तिला वायू सोडून द्यावा लागतो, आणि गेलेला वायू परत येत नाही. हे मला दिवस भरले असताना समजलं होतं, माहेरच्या गच्चीवर, एका जुन्या पुस्तकात. मी मोठ्यानं म्हटलं होतं, "बघा सर." आई म्हणाली, "कोन सर?" मग स्वतःच म्हणाली, "हां. त्यो."

लोक म्हणतात राग माणसाला आतून खातो. मला तर त्यानं अभ्यासाला बसवलं.

गेल्या एप्रिलमध्ये संतोषचा फोन आला. संतोष आमच्याच वर्गातला, आता माजी विद्यार्थी संघाचा सगळा कारभार तोच बघतो. फळ्यावरचा फुगा त्यानं काढला होता. हे त्याला आठवत नव्हतं, बोलण्यावरून कळत होतं.

"सुजाता, राजूरकर सरांची पंच्याहत्तरी हाय. सत्कार ठेवलाय कॉलेजात. पुण्याचा पाहुना येनार होता, त्यानं ऐनवेळी टांग दिली. तू बोल ना सरांवर. एवढी डिझाइन हेड झालीस, शोभंल."

"किती वेळ?"

"धा मिनिटं बोल, पंधरा बोल. सर लई खूश होतील."

"बोलते," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी काही शोधाशोध केली नाही. सगळं पाठ होतं. फक्त आईला सांगितलं. आई आता थकलीय, ऐकू कमी येतं, दोनदा सांगावं लागतं. पण नाव एकदाच घेतलं आणि तिनं मान वर केली.

"सत्कार? त्याचा?"

"व्हय. आन बोलनार मी."

ती म्हणाली, "साडी मोठ्या काठाची नेस. चांगली दिसली पायजे लांबून."

मी जांभळी इरकल नेसले. कार्यक्रम संध्याकाळचा होता, पण उन्हाची धग भिंतीतून निघत होती. सभागृहात दोन मोठे कूलर घोंघावत होते आणि त्यांच्या समोरच्या खुर्च्यांसाठी पाहुण्यांची चढाओढ चालली होती. चहाच्या टेबलापाशी सर भेटले. वाळले होते, खांदे उतरले होते, पण डोळे तेच. खरं सांगते, त्यांना बघून मी जरा डळमळले. म्हातारा माणूस. काय करायचंय आता.

"सर, ओळखलंत?"

"चेहरा ओळखीचा आहे," ते गोड हसले. "कुठली बॅच?"

मी बॅच सांगितली. "सेमिनारला माझा विषय एअरशिप होता सर. एअरशिप आणि बॉम्बर."

"अरे वा! फार छान विषय," ते म्हणाले, आणि बिस्किटाकडं वळले.

आठवत नव्हतं. सोंग नव्हतं ते, खरंच आठवत नव्हतं. मी ज्याच्यावर एवढी वर्षं काढली ते त्यांच्या एका दुपारीतसुद्धा मावलं नव्हतं. मनात थोडी दया आली होती, ती मी चहाच्या रिकाम्या कपाबरोबर टेबलावर ठेवून दिली.

सरांना फेटा बांधला, शाल घातली, गळ्यात गुलाबाचा जाड हार, मांडीवर नारळ. मधल्या उंच खुर्चीवर बसवलं. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी होत्या, अंगानं भरलेल्या, फिकट निळी साडी, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरलेली. माझं नाव पुकारलं. मी माइक माझ्या उंचीचा करून घेतला.

"राजूरकर सर उत्तम शिकवायचे," मी सुरुवात केली. टाळ्या पडल्या. "एकदा सरांनी मला सेमिनारमध्ये विचारलं होतं, पुढं काय राहिलंय? मी म्हणाले होते, तुलना आणि निष्कर्ष. ते द्यायचं राहून गेलं. आज देते."

लोक कौतुकानं हसले. त्यांना वाटलं गोड आठवण आहे. सरही मान डोलावत होते.

मग मी सांगायला लागले. घाई न करता, जसं सांगायचं होतं तसं. बॉम्बरला हवेत राहायचं तर सतत पुढं पळावं लागतं, थांबलं की पडलं. एअरशिप इंजिन बंद करूनही तरंगते, मेकॅनिक इंजिनापाशी जाऊन ते वाटेतच दुरुस्त करू शकतो. बॉम्बरमध्ये बॉम्ब विमानाच्या तोलाच्या मध्याजवळ टांगावे लागतात, नाहीतर टाकल्याबरोबर नाक वर किंवा खाली जातं. इंधन जळून एअरशिप हलकी होत जाते, म्हणून पुढच्या काही रचनांत इंजिनाच्या धुरातलं पाणी गोठवून, थेंब थेंब साठवून वजन राखायची युक्ती काढली. "गोठवून नाही, थंड करून," मी स्वतःलाच दुरुस्त केलं, आणि सर माइकशिवाय पुटपुटले, "बरोबर." शिक्षकच ते. त्यांना विषय आवडत होता. मी एअरशिपची बाजू झाकली नाही. वाऱ्यापुढं ती हतबल, हायड्रोजन पेटला की संपली, निशाणा म्हणून एवढी मोठी की नेम चुकणंच अवघड. युद्धात बॉम्बर जिंकलं ते वेगानं, आणि ते खरं आहे.

संतोषनं चिठ्ठी पाठवली, 'थोडक्यात प्लीज.' मी ती पाण्याच्या ग्लासाखाली ठेवली.

"आता ते शीट, जिथं मला थांबवलं होतं," मी म्हणाले. आणि आकाराचा नियम सांगितला. मग सरांचं वाक्य सांगितलं, त्यांच्याच आवाजाच्या चढउतारासकट. पुरावा समोरच उभा आहे. एअरशिप, लँड करा. मग फळा. वेणी, ओढणी, पंखा. चित्र बरं आहे, प्रमाण चुकलंय. माझं वर्ष गेलं तेही सांगितलं. आवाज चढवला नाही. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही, नुसते कूलर. संतोष दारापाशी उभा होता, त्याचा चेहरा पांढरा पडलेला. त्याला आता आठवलं होतं. सरांनी फेट्याला हात लावला, हाराला हात लावला, उठावं की नाही कळेना. मांडीवर नारळ असलेल्या माणसाला पटकन उठता येत नाही.

"निष्कर्ष," मी म्हणाले. "या दोन्ही यंत्रांचं काम एकच होतं. खालच्या माणसांवर वरून टाकायचं. इतक्या वरून खालच्याचा चेहरा दिसत नाही. बॉम्बर टाकतं आणि वेगानं निघून जातं, रेंगाळायला त्याच्याकडं इंधन नसतं. एअरशिप रेंगाळू शकते. सर, तुम्ही टाकून निघून गेलात. मी मात्र इतकी वर्षं इथंच होते, याच शहराच्या डोक्यावर. आज आवाज ऐकू आला असेल."

"मला..." सर म्हणाले, आणि शेजारच्या माइकनं ते पकडलं, "मला असं काही आठवत नाही हो."

"माहीत आहे सर. म्हणूनच सांगितलं."

मी जागेवर जाऊन बसले. निवेदिका बिचारी तरुण होती. ती म्हणाली, "धन्यवाद मॅडम. अतिशय... तांत्रिक विषय आपण सोपा करून सांगितलात."

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणं झालं. संघाच्या ग्रुपवर मला कृतघ्न म्हटलं गेलं. म्हाताऱ्या माणसाचा असा अपमान, तोही सत्काराच्या दिवशी. कुणी म्हणालं, एवढीशी चेष्टा मनात धरून बसायची म्हणजे आजारच. संतोषनं फोन केला, आधी चिडला, मग म्हणाला, "मी बी होतो त्यात." मी म्हणाले, "व्हय, होतास. तुझी पंच्याहत्तरी येऊ दे." त्यानं फोन ठेवला. एका मैत्रिणीनं विचारलं, सूड घेऊन पोकळ वाटत नाही का गं? पुस्तकांत तसं असतं म्हणे. मी नीट तपासून पाहिलं, शिवण तपासते तशी, बोट फिरवून. पोकळ काही लागलं नाही. घट्ट होतं सगळं.

आईनं त्या संध्याकाळी दारातच विचारलं होतं, "काय म्हनला?"

"आठवत नाय म्हनला."

"आता आठवंल," ती म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी कारखान्यात असताना, अनोळखी नंबरावरून फोन आला.

"सुजाताताई का? मी राजूरकरांच्या घरून बोलतेय. त्यांची मिसेस."

मी यंत्रांच्या आवाजातून बाहेर आले, कुंपणाशेजारच्या कडुनिंबाखाली. मनात सगळी उत्तरं तयार ठेवली. म्हातारा आजारी पडला असेल, तर त्याचंही एक उत्तर तयार ठेवलं.

"सरांची तब्येत बरी आहे ना?"

"त्यांना काय धाड भरलीय," बाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "तुम्हाला एक सांगायचं होतं. इतके दिवस नंबर शोधत होते. लग्न झाल्यापासून मी दुसरी पोळी घेतली की हे म्हणायचे, गोदाम भरलं का? मुलांपुढं म्हणायचे. सून आली, तिच्यापुढं म्हणायचे. मीही हसायचे सगळ्यांबरोबर. मग मी त्यांच्या पंगतीला बसणंच सोडलं. आत ओट्यापाशी उभ्यानं खायचे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या दिवशी कार्यक्रमातून घरी आलो. मी माझं ताट घेतलं आणि त्यांच्या शेजारी येऊन बसले. दोन पोळ्या खाल्ल्या. तिसरी घेतली. त्यांनी तोंड उघडलं."

"मग?"

"मी नुसतं बघितलं त्यांच्याकडं. मिटलं त्यांनी. मग मी म्हटलं, तूप सरकवा इकडं."

"आणि?"

"सरकवलं की."